डिझेलमध्ये आणखी काय मिसळावं, आणि कधी काहीच मिसळू नये

इंजिनात डिझेल जळतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. जळण्याआधी ते आणखी एक काम करतं, ते मात्र फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. आजच्या बहुतेक गाड्यांत हाय प्रेशर पंप (डिझेलचा दाब वाढवणारा) आणि इंजेक्टर (ते सिलिंडरमध्ये फवारणारा) यांच्या आतल्या भागांपर्यंत इंजिन ऑइल पोचतच नाही. तिथे धातूवर धातू घासतो, आणि मध्ये वंगण म्हणून असतं ते टाकीतलं डिझेलच. पंपाचा प्लंजर आणि तो ज्यात मागेपुढे होतो ते बॅरल, यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा.

दाबाचं गणितही असंच आहे. १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ या मोटारीतून कॉमन रेल पद्धत (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून, म्हणजे रेलमधून, दाबाखालचं डिझेल पुरवणारी) रस्त्यावर आली तेव्हा रेलमधला दाब १३५० बारच्या आसपास होता. आज तो २००० ते २५०० बारपर्यंत जातो. एक बार म्हणजे ढोबळमानाने आपल्या भोवतीच्या हवेचा दाब. एवढ्या दाबाखालचं डिझेल इंजेक्टरच्या टोकाच्या, म्हणजे नोझलच्या, ज्या भोकांतून फवारलं जातं ती जेमतेम ०.१ मिलिमीटरची असतात. जुनं इंजिन थोडी घाण, थोडं पाणी, थोडं पातळ डिझेल खपवून घ्यायचं. नव्याला ते जमत नाही.

म्हणूनच अ‍ॅडिटिव्हच्या बाटल्यांचा, म्हणजे डिझेलमध्ये वरून मिसळायच्या रसायनांचा, बाजार वाढला. इंजेक्टर साफ, धूर कमी, पिकअप जास्त, अ‍ॅव्हरेज जास्त, पाण्याचा बंदोबस्त, पंपाचं संरक्षण, असे सगळे दावे एकाच लेबलवर दाटीवाटीने छापलेले असतात. यातली बरीचशी रसायनं खरी आहेत आणि त्यांची कामंही खरी आहेत. पण प्रत्येक रसायन एका ठरावीक दुखण्यावरचं आहे, ठरावीक वेळी आणि ठरावीक मापातच ते लागू पडतं. दुखणं न ओळखता बाटली ओतली की रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी गत होते.

पंपावरचं डिझेल कोरं नसतं

रिफायनरीतून निघालेलं मूळ डिझेल बहुधा एकाच पाइपलाइनमधून किंवा एकाच साठ्यातून वेगवेगळ्या कंपन्यांकडे जातं. टँकर भरताना, डेपोमध्ये, त्यात अ‍ॅडिटिव्हचा ठरलेला डोस सोडला जातो. दोन कंपन्यांच्या डिझेलमधला फरक, आणि साध्या व ‘प्रीमियम’ डिझेलमधला फरक, बराचसा या डोसमध्येच असतो.

हे डोस किती लहान असतात ते बघा. वंगणक्षमता वाढवणारं रसायन साधारण २०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत २०० भाग, इतकं पुरतं. ५० लिटरच्या टाकीला ते १० मिलिलिटर झालं. याच्याबरोबर गंज रोखणारं रसायन असतं. डिझेल जुनं होऊन त्यात डिंकासारखा गाळ धरू नये म्हणून अँटिऑक्सिडंट असतं. टाकी भरताना फेस येऊन पेट्रोल पंपावरची भरायची नोझल मध्येच बंद पडू नये म्हणून सिलिकॉनचा अंश असतो. डिझेल वेगाने पाइपमधून वाहताना स्थिर वीज साठते, ती निघून जावी म्हणून वीजवाहकता वाढवणारं रसायनही घालतात. चांगल्या कंपनीच्या डिझेलमध्ये इंजेक्टर स्वच्छ ठेवणारं डिटर्जंटही असतं.

त्यामुळे बाटली विकत घेताना आपण कोऱ्या डिझेलवर काही घालत नसतो, आधीच्या मिश्रणात भर घालत असतो. हे लक्षात ठेवलं तर पुढचं बरंच सोपं होईल.

गंधक गेलं आणि वंगणही गेलं

अ‍ॅडिटिव्ह का लागतात याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण गंधकाचं. डिझेलमधलं गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतं, काजळीत भर पडते आणि एक्झॉस्टमधले, धूर स्वच्छ करणारे कॅटॅलिस्ट निकामी होतात. म्हणून जगभर त्याच्या मर्यादा खाली आणल्या गेल्या. अमेरिकेत रस्त्यावरच्या वाहनांच्या डिझेलला १९९३ मध्ये ५०० पीपीएमची आणि २००६ पासून १५ पीपीएमची मर्यादा आली. युरोपात २००९ पासून १० पीपीएम आहे, भारतात एप्रिल २०२० पासून तेवढीच.

पहिला फटका बसला तो स्वीडनमध्ये. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे जवळजवळ गंधकमुक्त डिझेल आणलं गेलं आणि थोड्याच काळात इंजेक्शन पंप झिजून बंद पडू लागले. सगळ्यात आधी गेले ते रोटरी पंप, कारण त्यांच्या आतल्या भागांना डिझेलशिवाय दुसरं वंगणच नसतं.

‘गंधकामुळे वंगण मिळतं’ असं सर्रास म्हटलं जातं. ते अर्धवट आहे. गंधक स्वतः वंगणाचं काम फारसं करत नव्हतं. ते काढण्यासाठी रिफायनरीत डिझेलवर उच्च दाबाखाली हायड्रोजनची प्रक्रिया करतात. त्या प्रक्रियेत ऑक्सिजन आणि नायट्रोजन असलेले, अगदी कमी प्रमाणातले काही ध्रुवीय रेणूही निघून जातात. धातूच्या पृष्ठभागाला चिकटून पातळ संरक्षक पापुद्रा धरायचं काम हे रेणू करत होते. सुक्याबरोबर ओलंही जळालं.

आता ही उणीव भरून काढतात ती फॅटी अ‍ॅसिड किंवा त्यांची एस्टर घालून. या रेणूंचं एक टोक धातूला धरतं आणि दुसरं तेलकट टोक डिझेलमध्ये राहतं. एक-दोन टक्के बायोडिझेल मिसळलं तरी हेच काम उत्तम होतं, कारण बायोडिझेल स्वतःच फॅटी अ‍ॅसिडचं एस्टर आहे.

वंगणक्षमता मोजायची चाचणी बघण्यासारखी असते. ६ मिलिमीटर व्यासाची एक पोलादी गोळी, तिच्याखाली पोलादी चकती, आणि दोन्ही फक्त २ मिलिलिटर डिझेलमध्ये बुडवलेल्या. डिझेलचं तापमान ६० अंश सेल्सिअस. गोळीवर २०० ग्रॅमचं वजन ठेवून ती सेकंदाला ५० वेळा, एक-एक मिलिमीटर मागेपुढे घासतात. ७५ मिनिटांनी गोळी काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की तिच्यावर झिजेचा एक गोलसर डाग दिसतो. युरोपच्या ईएन ५९० मानकानुसार तो ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा असता कामा नये. अमेरिकी मानक ५२० मायक्रॉनपर्यंत चालवून घेतं. इंजेक्शन यंत्रणा बनवणाऱ्यांचा आग्रह मात्र ४६० किंवा त्याहून कमीचा असतो.

मग ही बाटली आपल्याला लागते का? मानकात बसणारं डिझेल मिळत असेल तर ती चाचणी डिझेलने आधीच पार केलेली असते. वर आणखी वंगण घातल्याने पंपाचं आयुष्य दुप्पट होत नाही. धातूच्या पृष्ठभागावरच्या जागा एकदा भरल्या की जास्तीचे रेणू नुसते डिझेलमध्ये तरंगत राहतात. डिझेलच्या दर्जाची खात्री नसेल, किंवा कमी गंधकाच्या डिझेलच्या आधीच्या काळातला रोटरी पंप असेल, तर मात्र या बाटलीत पैसा घालायला अर्थ आहे.

इंजेक्टरमधला कचरा

गॅरेजमध्ये ‘नोझलला कार्बन धरलाय’ असं म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा बोलणं असतं ते नोझलच्या टोकावरच्या थराबद्दल. तिथे ज्वाळा अगदी जवळ असते. भोकांच्या कडेला राहिलेलं डिझेल भाजून निघतं आणि कोळशासारखा कडक थर धरतं. ०.१ मिलिमीटरच्या भोकात काही मायक्रॉनचा थर जमला तरी फवारा बिघडतो. ताकद घटते, काजळी वाढते, आयडलिंगला इंजिन थरथरतं.

यात जस्ताचा वाटा धक्कादायक आहे. डिटर्जंटची परीक्षा घेण्यासाठी युरोपात वापरली जाणारी एक प्रमाणित चाचणी प्यूजोच्या डीडब्ल्यू१० या दोन लिटरच्या इंजिनावर होते. तिच्यात डिझेलमध्ये मुद्दाम फक्त १ पीपीएम जस्त मिसळतात, आणि तेवढ्याने नोझलवर थर धरून इंजिनाची ताकद मोजण्याइतकी उतरते. ५० लिटरच्या टाकीत हे जस्त ४० मिलिग्रॅमच्या आसपास भरेल. म्हणून डिझेल साठवायला जस्ताचा मुलामा असलेले, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड, डबे किंवा पाइप वापरू नयेत. तांबं आणि पितळही टाळावं, कारण तांबं डिझेलचं ऑक्सिडीकरण वेगाने घडवतं.

दुसऱ्या प्रकारचा थर बाहेरून दिसतच नाही. तो इंजेक्टरच्या आत, सुईवर आणि कंट्रोल व्हॉल्व्हवर बसतो. या सुईला किती काम असतं ते पाहा. चार स्ट्रोकचं इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला १००० वेळा ज्वलन होतं. कॉमन रेलमध्ये प्रत्येक ज्वलनाला तीन ते पाच छोट्या-मोठ्या फवारण्या असतात. म्हणजे एकच सुई मिनिटाला तीन ते पाच हजार वेळा उघडते आणि मिटते. त्यातली पहिली ‘पायलट’ फवारणी एक-दोन मिलिग्रॅमची. सुईला थोडा चिकटपणा आला आणि ती सेकंदाच्या काही दशसहस्रांश उशिरा मिटली, तरी हा हिशेब कोलमडतो. रात्री ठीक बंद केलेली गाडी सकाळी स्टार्टच होत नाही किंवा एका सिलिंडरवर मिसिंग करते, तेव्हा गार झालेल्या इंजेक्टरमध्ये सुई अडकलेली असण्याची शक्यता असते.

हा आतला थर मुख्यतः दोन जातींचा. एक पांढुरका-करडा, म्हणजे शब्दशः साबण. डिझेलमध्ये कुठूनतरी आलेलं सोडियम आणि त्यातलीच काही आम्लं यांच्यापासून तो बनतो. ही आम्लं कुठून येतात? काही गंजरोधकांमधून, तर काही डिझेलच्या ऑक्सिडीकरणातून. दुसरा तपकिरी, वॉर्निशसारखा चकचकीत. त्याचा माग काढताना असं आढळलं की काही प्रकरणांत त्याचं मूळ डिटर्जंटमध्येच होतं. पॉलिआयसोब्युटिलीन सक्सिनिमाइड हे डिझेलमधलं अनेक वर्षांचं नावाजलेलं डिटर्जंट. ते बनवताना त्यात राहून गेलेले कमी रेणुभाराचे अंश आम्लांशी संयोग पावून हा वॉर्निश तयार करत होते. साफसफाईसाठी घातलेलं रसायन स्वतःच घाण झालं. अ‍ॅडिटिव्हवर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्यांना मी हे उदाहरण हटकून सांगतो.

पुढे क्वाटर्नरी अमोनियम क्षार या वर्गातली नवी डिटर्जंट आली. ती दोन्ही जातींच्या थरांवर चालतात आणि कमी मात्रेतही चालतात. डिटर्जंटच्या रेणूला एक ध्रुवीय डोकं आणि लांब तेलकट शेपटी असते. डोकं घाणीला किंवा धातूला धरतं, शेपटी डिझेलमध्ये विरघळलेली राहते. त्यामुळे घाणीचे कण सुटे होऊन डिझेलबरोबर वाहून जातात, आणि नव्या कणांना चिकटायला जागा मिळत नाही.

इथे दोन मात्रा वेगळ्या समजून घ्यायच्या. थर धरू न देण्यासाठी लहान डोस सतत लागतो, आणि चांगल्या डिझेलमध्ये तो असतोच. धरलेला थर काढायचा असेल तर कित्येक पट मोठा डोस लागतो, तोही सलग दोन-तीन टाक्यांना. बाटली ओतल्यावर दहा किलोमीटरमध्ये फरक जाणवला असं कुणी म्हणालं, तर त्यात मनाचा वाटा मोठा असतो. पैसे खर्चून ओतलेल्या बाटलीनंतर इंजिन हमखास गुळगुळीत चालल्यासारखं वाटतं. आणि सुई पूर्ण अडकली असेल, नोझलची भोकं झिजून मोठी झाली असतील, सुई जिथे घट्ट बसते ती सीट खराब होऊन नोझल टपकत असेल, तर रसायनाने काहीही होणार नाही. इंजेक्टर काढून टेस्ट बेंचवर लावावा लागतो.

सिटेन आणि अ‍ॅव्हरेजच्या गोष्टी

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली जाऊन इतकी तापते की त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. फवारा सुटल्यापासून पेट घेईपर्यंत एक अगदी लहान उशीर असतो. तो जितका कमी, तितका सिटेन क्रमांक जास्त. उशीर वाढला तर तेवढ्या वेळात जमा झालेलं डिझेल एकदम भडकतं आणि तो ओळखीचा ‘खट-खट’ आवाज येतो. थंड इंजिनातून पांढरा धूर येतो तोही न जळलेल्या डिझेलचा.

ईएन ५९० मध्ये सिटेन किमान ५१ लागतो, अमेरिकी मानकात किमान ४०. हा वाढवण्यासाठी सर्वाधिक वापरलं जाणारं रसायन म्हणजे २-इथाइलहेक्सिल नायट्रेट. ते उष्णतेने सहज तुटतं आणि त्यातून निघालेले अस्थिर तुकडे डिझेलच्या पेटण्याची सुरुवात करून देतात. ५०० ते २००० पीपीएम मात्रेत क्रमांक काही अंकांनी वाढतो. पहिल्या डोसाचा परिणाम सर्वात जास्त, पुढच्या प्रत्येक डोसाचा कमी.

ज्या डिझेलचा सिटेन मुळात कमी आहे, त्यात हे घातल्यावर थंडीतलं स्टार्टिंग सुधारतं, आवाज आणि पांढरा धूर कमी होतो. ज्याचा ५१ च्या वर आहे, त्यात पायलट फवारणीवाल्या नव्या इंजिनाला फारसं काही कळणारही नाही. ताकद मात्र सिटेनने वाढत नाही. ताकद येते डिझेलमधल्या ऊर्जेतून, आणि पेट लवकर घेतल्याने ती ऊर्जा वाढत नाही.

‘डिझेल पूर्ण जळतं, म्हणून अ‍ॅव्हरेज २५ टक्के वाढतं’ हा दावा तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. नीट चालणाऱ्या डिझेल इंजिनात ९८ टक्क्यांहून जास्त इंधन आधीच जळालेलं असतं. काळा धूर डोळ्यांना खूप दिसतो, पण त्यातला कार्बन वजनाने फार थोडा. इंजिनाचा खरा तोटा होतो तो एक्झॉस्ट आणि रेडिएटरमधून जाणाऱ्या उष्णतेत, आणि त्याला बाटलीतलं द्रव काही करू शकत नाही. घाणेरडे इंजेक्टर साफ झाले तर गेलेलं अ‍ॅव्हरेज परत येईल. गाडी नवी असताना जे होतं त्याच्या पुढे ते जाणार नाही.

लेबलवर ‘अमेरिकेच्या ईपीएकडे नोंदणीकृत’ असं छापलेलं असलं तर त्याचा अर्थ एवढाच की घटकांची माहिती अमेरिकेच्या त्या पर्यावरण संरक्षण संस्थेकडे दिलेली आहे. उत्पादन काम करतं असा दाखला ती संस्था देत नाही.

पाणी, आणि पाण्यात राहणारे

माझ्या मते डिझेल यंत्रणेचा सगळ्यात मोठा शत्रू पाणी आहे, आणि बाटल्यांचा सगळ्यात मोठा गैरवापरही पाण्याबाबतच होतो.

टाकी अर्धी रिकामी असली की उरलेल्या जागेत दमट हवा असते. दिवस-रात्रीच्या तापमानातल्या फरकाने तिच्यातली वाफ पत्र्यावर जमते आणि थेंब तळाशी जातात. शिवाय थोडं पाणी डिझेलमध्ये विरघळलेलं असतं. गारव्यात तेही सुटं होतं. बायोडिझेल जास्त पाणी धरून ठेवतं, म्हणून मिश्र डिझेलमध्ये हा प्रश्न वाढतो. मानक एका किलोत २०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी चालवून घेतं. त्यापुढचं सुटं पाणी यंत्रणेला घातक.

फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सैल करून पारदर्शक काचेच्या बरणीत थोडं डिझेल काढा आणि अर्धा तास न हलवता ठेवा. चांगलं असेल तर बरणीभर एकसारखा स्वच्छ फिकट पिवळा रंग दिसेल. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर आणि मध्ये स्पष्ट रेघ दिसते. त्या रेघेवर तपकिरी-काळी, शेवाळासारखी बुळबुळीत साय असेल तर टाकीत जीवसृष्टी वसली आहे असं समजा. बुरशी आणि बॅक्टेरिया राहतात पाण्यात, आणि खातात वरचं डिझेल. त्यातली हॉर्मोकोनिस रेझिनी ही बुरशी इतकी नेहमीची आहे की तिला ‘केरोसीन फंगस’ असंच नाव पडलंय. हे जीव आम्लं सोडतात, त्यामुळे टाकी आतून गंजते, आणि त्यांचा चिखल फिल्टर तुंबवतो.

पाण्यासाठी दोन अगदी उलट प्रकारची रसायनं मिळतात. डिमल्सिफायर पाण्याचे बारीक थेंब एकत्र आणतं, म्हणजे ते तळाशी बसून ड्रेनमधून काढता येतात. इमल्सिफायर उलट पाण्याला डिझेलमध्ये सूक्ष्म थेंबांच्या रूपात पसरवतं, म्हणजे ते ‘जळून जावं’. ऐकायला दुसरं सोयीचं वाटतं. पण थेंब पसरले की फिल्टरमधला पाणी वेगळा करणारा भाग त्यांना पकडू शकत नाही, आणि पाणी थेट २००० बारच्या पंपात व इंजेक्टरच्या तापलेल्या टोकात पोचतं. तिथे वंगणाचा पापुद्रा तुटतो, गंज धरतो, आणि टोकाशी पाण्याची झटकन वाफ होऊन धातू खरवडला जातो. अल्कोहोलवाल्या ‘वॉटर रिमूव्हर’ची गतही तीच, शिवाय अल्कोहोल डिझेलची वंगणक्षमता कमी करतं. कॉमन रेलवाल्या गाडीत या दुसऱ्या जातीची बाटली वापरू नये. पाणी काढायचा खरा मार्ग ड्रेन स्क्रू हाच.

बुरशीवर बायोसाइड चालतं, पण मेलेली बुरशी टाकीतच राहते आणि फिल्टर आणखी वेगाने तुंबतात. म्हणून आधी टाकी साफ करून पाणी काढायचं, मग बायोसाइड. ते विषारी असतं. हातमोजे घालूनच हाताळावं.

मापाबद्दल एक प्रसंग विमानांच्या जगातला आहे, पण बुरशी तीच आणि बायोसाइडही त्याच जातीचं. फेब्रुवारी २०२० मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावरून उडालेल्या एका एअरबस ए३२१ ची दोन्ही इंजिनं उड्डाणानंतर लगेच बिघडू लागली आणि वैमानिकाला आणीबाणी जाहीर करून परत उतरावं लागलं. चौकशीत कळलं की आधीच्या देखभालीत टाक्यांमध्ये बायोसाइड घातलं होतं ते शिफारशीच्या जवळजवळ ३८ पट. पीपीएमवरून प्रत्यक्ष मात्रा काढण्याचं गणित चुकलं होतं. प्रशिक्षित लोकांच्या हातून हे घडलं. घरच्या घरी ‘जरा जास्तच घालू’ म्हणणाऱ्यांनी एवढं गणित तरी पाठ ठेवावं: एका लिटरला एक मिलिलिटर म्हणजे १००० पीपीएम.

थंडी आणि साठवण

डिझेलमध्ये मेणासारखे सरळ साखळीचे हायड्रोकार्बन असतात. तापमान उतरलं की त्यांचे स्फटिक दिसू लागतात आणि डिझेल ढगाळतं. हे स्फटिक मोठ्या चपट्या पापुद्र्यांसारखे असतात आणि फिल्टरवर बसून डिझेल अडवतात. फ्लो इम्प्रूव्हर मेण होऊ न देण्याचं काम करत नाही. तो स्फटिकांना लहान आणि सुटं ठेवतो, म्हणजे त्यांच्यामधून डिझेल वाहत राहतं. त्यासाठी तो डिझेल ढगाळण्याआधीच मिसळलेला असावा लागतो. फिल्टर जाम झाल्यावर ओतला तर उपयोग शून्य. थंडीसाठी डिझेलमध्ये पेट्रोल घालायची जुनी युक्ती तर विसरूनच जावी. ज्वलनांक खाली येऊन आगीचा धोका वाढतो, सिटेन पडतो आणि वंगण जातं.

साठवणीच्या स्टॅबिलायझरलाही वेळेचा हाच नियम. अँटिऑक्सिडंट पुढची साखळी-अभिक्रिया रोखतं. तयार झालेला डिंक परत डिझेलमध्ये विरघळवत नाही. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या जनरेटरमध्ये, बोटीत किंवा हंगामी यंत्रात ताज्या डिझेलमध्येच ते घालावं, आणि टाकी शक्यतो भरून ठेवावी.

राखेचा हिशेब

ज्या गाडीला डीपीएफ, म्हणजे काजळीचा फिल्टर, आहे तिच्या मालकाने बाटलीवर एक शब्द शोधावा: ‘अ‍ॅशलेस’ किंवा राखविरहित. काजळी कार्बनची असते, ती फिल्टरमध्ये जाळून टाकता येते. धातूची राख जळत नाही, कायमची साठत जाते. काही कंपन्यांनी स्वतःच धातू वापरला, ही गोष्ट खरी. प्यूजोने २००० साली ६०७ या मोटारीत सिरियमचं रसायन वेगळ्या छोट्या टाकीतून मोजून सोडण्याची व्यवस्था केली होती, कारण त्यामुळे काजळी कमी तापमानाला पेट घेते. पण तिथे मात्रा संगणक ठरवत होता, आणि फिल्टर त्या राखेचा हिशेब धरून बनवलेला होता. ती व्यवस्था नसलेल्या गाडीत लोह किंवा सिरियमवालं द्रव घालण्यात शहाणपण नाही.

याच कारणाने डिझेलमध्ये जुनं इंजिन ऑइल मिसळण्याचा काटकसरी उपाय आज महागात पडतो. त्या ऑइलमध्ये कॅल्शियम, फॉस्फरस आणि जस्त असतं. कॅल्शियम-फॉस्फरसची राख डीपीएफमध्ये बसते, आणि १ पीपीएम जस्ताने नोझलचं काय होतं ते वर आलंच आहे. टू-स्ट्रोक ऑइलबद्दलही बरेच जण हिरिरीने सांगतात. जुन्या यांत्रिक पंपाला त्याने फारसं नुकसान होत नसेल, पण डीपीएफवाल्या गाडीत त्याला जागा नाही.

अ‍ॅडब्लू किंवा डीईएफ या निळ्या झाकणाच्या द्रवाला काही जण डिझेलचं अ‍ॅडिटिव्ह समजतात. ते ३२.५ टक्के युरियाचं पाण्यातलं द्रावण आहे आणि ते एक्झॉस्टमध्ये फवारण्यासाठी असतं. चुकून डिझेलच्या टाकीत पडलं तर चावीसुद्धा फिरवू नका. पंप सुरू झाला की ते सगळ्या यंत्रणेत पसरतं, युरियाचे स्फटिक होतात, आणि खर्च टाकी रिकामी करण्यापुरता राहत नाही.

मग घालायचं कुणी? रोज चालणारी, मानकातलं डिझेल पिणारी, तक्रार नसलेली गाडी असेल तर माझं उत्तर ‘काहीच नको’ असं आहे. फिल्टर वेळेवर बदला, ड्रेन उघडा. डिझेलचा दर्जा संशयास्पद असेल, यंत्र दीर्घकाळ उभं राहणार असेल, कडक थंडी येणार असेल किंवा इंजेक्टरवर थर धरल्याची लक्षणं दिसत असतील, तर त्या-त्या कामाची एकच बाटली निवडा. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची द्रवं एकाच टाकीत मिसळू नका. एकातली आम्लं आणि दुसऱ्यातले क्षार एकत्र येऊन काय बनवतील हे लेबलवर लिहिलेलं नसतं. बनवणाऱ्याने गाडीच्या पुस्तिकेत अ‍ॅडिटिव्ह घालू नका असं सांगितलं असेल तर वॉरंटी संपेपर्यंत तेच ऐकावं.

घालताना माप सिरिंजने किंवा मापाच्या कपाने घ्या. आधी द्रव टाकीत ओता, मग डिझेल भरा, म्हणजे वरून पडणाऱ्या धारेने ते नीट मिसळतं. जुन्या गाडीत जोरदार डिटर्जंट पहिल्यांदा वापरत असाल तर जादा फिल्टर जवळ ठेवा, कारण वर्षानुवर्षांचा गाळ सुटून तिथेच येतो. एक-दोन टाक्यांनंतर तो फिल्टर उघडून बघा. काळा चिकट गाळ भरपूर निघाला तर आधी टाकी उतरवून साफ करून घ्या, पुढचा डोस त्यानंतर.